आजोबांची १९८२ ची अॅम्बेसेडर रंगवायची आहे, कोणता पेंट घेऊ आणि बॉडी कशी तयार करू?

भाऊ, डब्बा आणायच्या आधी कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन जुन्या रंगावर घासून पाहा. रंग बोळ्यावर उतरला तर तो जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनरमध्ये विरघळणारा रंग) आहे, त्यावर डायरेक्ट पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारला की खालचा रंग फुगून सुरकुत्या पडू शकतात, म्हणून पूर्ण उतरवलेला बरा. पेंट म्हणाल तर मी टू-के पीयूच (हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग) सांगीन, एनसी स्वस्त पडते पण इकडच्या उन्हात लवकर फिक्की होते अन् सारखं पॉलिश मागते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसाला घातक रसायन असते, तोंडाला दुपट्टा बांधून जमत नाही, कार्ट्रिजवाला मास्क पाहिजेच.

आता बॉडी. चुंबक घेऊन दाराच्या खालच्या काठाला, मडगार्डला, डिक्कीच्या तळाला फिरवा. जिथं पकडत नाही तिथं पुट्टी थापली आहे समजा. आमच्या गाडीच्या दाराखाली बोटभर जाड थर निघाला, अन् आत पत्राच नाही! गंज ८० नंबरच्या घासकागदानं चकाचक पत्र्यापर्यंत काढा, सडलेलं कापून नवा पत्रा वेल्ड करा, मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर पातळ पुट्टी. पुट्टी कोरडीच घासा, ती पाणी पिते. सर्फेसर (रंगाच्या आधी मारायचा, बारीक ओरखडे भरणारा प्रायमर) मारल्यावर मात्र ८०० नंबरच्या कागदानं पाणी मारून घासलं तरी चालते.

आणि मे महिन्यात हे काम काढू नका जी, ४५ डिग्रीत थिनर हवेतच उडते अन् रंग खरखरीत बसते. कापूस वेचून झाला की डिसेंबरात करा, गोठ्यात करत असाल तर आधी जमिनीवर पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडणार नाही.