सेवा योजनेचे तास वाया जातात का?

प्रश्न : माझी मुलगी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असून राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. गावातील शिबिरात चर खणून तिच्या शिक्षणात कोणती भर पडणार? – एक पालक, सातारा

उत्तर : महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे एक शिबिर अपेक्षित असते. समतल चर खणताना उतार कसा ओळखायचा आणि वाहते पाणी अडून जमिनीत कसे मुरते, हे मुलीला कळेलच. पण त्याहून मोलाचे म्हणजे, संध्याकाळी घरोघरी सर्वेक्षणाला गेल्यावर, वहीतला ठरलेला प्रश्न बाजूला ठेवून समोरच्या आजींचे बोलणे आधी ऐकून घ्यावे लागते, हे तिला उमगेल. बचत गटाच्या हिशेबाची वही पाहताना तर तिला आकड्यांमागची माणसे भेटतील, आणि वाणिज्याच्या विद्यार्थिनीसाठी याहून जवळचा धडा मला सुचत नाही. शिबिर परीक्षेच्या तोंडावर येत असेल, तर कार्यक्रम अधिकाऱ्यांशी अवश्य बोला. मात्र तिला घरी ठेवू नका.