कोळसा संपला की चंद्रपूरचं काय?

प्रश्न : ताई नमस्कार, मी घुग्घुसचा. बाबा वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत, परमनंट आहेत, मी कंत्राटदाराकडे डंपर चालवतो. जिकडे तिकडे सोलरचीच चर्चा आहे, 2070 पर्यंत देश नेट झिरो होणार, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच शोषून घेणार म्हणतात, मग आमच्या जिल्ह्याचं काय? आणि कोळशावर इतकी वर्षं जो सेस (जादा कर) घेतला तो पैसा आमच्याकडे का नाही आला?

उत्तर : मेख तुमच्या पहिल्याच वाक्यात आहे. खाण बंद झाली तर बाबांची बदली दुसऱ्या खाणीत होईल, पगार चालू राहील, पण तुमचं कंत्राट संपलं की तुम्ही कुठल्याच यादीत नाही. गॅरेजवाले, खानावळवाले, राखेच्या विटा करणारे, यांना तर कुणी मोजतच नाही.

उद्याच सगळं बंद होणार असं अजिबात नाही. चंद्रपूरचं थर्मल, म्हणजे कोळशावरचं वीज केंद्र, 2920 मेगावॅटचं आहे आणि सूर्य मावळल्यावर राज्याला ती वीज लागतेच. पण वीज बनवणारे जुने संच एकेक करून बंद होतात, तिथले 210 मेगावॅटचे पहिले दोन गेलेच की. परळीत 2015 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून अख्खं केंद्र थांबलं होतं, पुढं तिथले जुने संच कायमचे बंद झाले. आणि सोलरचं म्हणाल तर मोठे प्रकल्प राजस्थान-गुजरातमध्ये जास्त, शिवाय पॅनल बसवून झाले की मोजकीच माणसं लागतात, त्यामुळे खाणीतला रोजगार आपोआप सोलरमध्ये जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

जर्मनीनं 2020 मध्ये कायदाच केला, कोळसा उशिरात उशिरा 2038 पर्यंत बंद आणि लाउझित्ससारख्या कोळसा भागांना तोवर 40 अब्ज युरोपर्यंत मदत. वय झालेल्या कामगारांना पेन्शन लागेपर्यंत भत्ता, कोटबुस शहरात रेल्वेचं नवं मोठं वर्कशॉप, ते 2024 मध्ये सुरूसुद्धा झालं. म्हणजे खाणी चालू असतानाच पर्याय उभा राहिला, मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तरी तिथं लोकांचा राग आहेच, कोळसा बंद करायला विरोध करणाऱ्या पक्षाला त्या भागात भरपूर मतं पडतात, कारण 1990 नंतर तिथल्या खाणी एका झटक्यात बंद झाल्या होत्या आणि ते लोक विसरलेले नाहीत.

आता सेस. 2010 मध्ये टनामागे 50 रुपये होता, 2016 पर्यंत 400 झाला. स्वच्छ ऊर्जेच्या नावानं सुरू केलेला, पण 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांची करातली तूट भरायला वळवला. सप्टेंबर 2025 मध्ये सेस काढला आणि कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के केला. हा कर जिथं कोळसा वापरला जातो त्या राज्याच्या हिशोबात जातो, खाण कुठं आहे ते बघितलं जात नाही. धूळ खाल्ली घुग्घुसनं आणि त्या धुळीच्या नावानं गोळा केलेला पैसा घुग्घुससाठी कधी राखूनच ठेवला नाही, हा अन्याय आहे असं मी स्पष्ट म्हणते.

पण एक पैसा खरंच जिल्ह्याचा आहे, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. 2015 च्या कायद्यानुसार जुन्या खाणींना रॉयल्टीच्या (खनिज काढण्याबद्दल सरकारला द्यायच्या रकमेच्या) 30 टक्क्यांइतकी रक्कम वेगळी तिथं भरावी लागते, आणि तो पैसा खाणबाधित माणसांसाठीच आहे. रस्ते आणि इमारतींवर खर्च झाला की फोटो निघतात, ड्रायव्हरला दुसरं कौशल्य शिकवलं तर निघत नाहीत, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. 2024 च्या नव्या नियमांप्रमाणे आधी खाणबाधित भागाची पाहणी करून या पैशाच्या खर्चाचा पाच वर्षांचा आराखडा करायचाय. तुम्ही दहा-वीस डंपरवाले मिळून जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या, विचारा की त्या पाहणीत कंत्राटी कामगार मोजलेत का, नसतील तर आमची नावं घ्या. पोच घ्यायला विसरू नका.