‘मूल रुळलं’ असं लिहायची घाई नको

प्रश्न : ताई, समाजकार्याची पदवी घेऊन मी नुकतीच एका शिशुगृहात रुजू झाले आहे. आमच्याकडे अडीच वर्षांचा एक मुलगा आलाय. त्याची आई १९ वर्षांची आहे, आजारपणामुळे सध्या त्याला सांभाळू शकत नाही. ६४ वर्षांची आजी भेटायला येते. सुरुवातीला तो दाराशी बसून नुसता रडायचा. आता रडत नाही, नीट जेवतो, कुणाच्याही कडेवर जातो. पण चड्डीत शी-शू पुन्हा सुरू झाली आहे आणि येत होती ती छोटी वाक्यंही बंद झाली आहेत. आजी आली की तोंड फिरवतो, ती गेली की सैरभैर होतो. म्हणून भेटी कमी करायचं चाललंय, आणि मला अहवालात ‘मूल रुळले’ असं लिहायला सांगितलंय. मानवी वाढ आणि विकासाच्या पेपरात मला चांगले मार्क होते, पण त्यातलं इथे काय लावायचं?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ‘कुणाच्याही कडेवर जातो’ या शब्दांपाशी मी थांबले. अडीच वर्षांच्या मुलाला आपलं माणूस आणि परकं माणूस चांगलं कळतं. नव्या माणसाला पाहून ते आपल्या माणसामागे लपतं, आणि ते लपणं निरोगी असतं. सगळेच सारखे झाले असतील, तर काळजी तिथेच करायची.

तुम्ही जे पाहताय ते जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२मध्ये चित्रफितीत टिपलं होतं. ते स्वतः समाजकार्यातलेच. जवळपास याच वयाची एक मुलगी आठ दिवस इस्पितळात होती. त्या काळी ब्रिटनमध्ये आईवडिलांच्या भेटींवर कडक बंधनं होती, आणि गप्प बसलेलं मूल शहाणं समजलं जायचं. रॉबर्टसन आणि ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी अशा मुलांच्या वागण्यात तीन टप्पे पाहिले : आधी आकांत, मग निराशा, मग अलिप्तपणा. तिसऱ्या टप्प्यात मूल खातं, खेळतं, हसतंसुद्धा, आणि मोठी माणसं सुटकेचा श्वास टाकतात. तुमच्या बाळाचं तोंड फिरवणं मला तिथलंच वाटतं. भेटीनंतर तो सैरभैर होतो, म्हणजे नातं अजून जिवंत आहे. अशा वेळी भेटी तोडणं मला अजिबात मान्य नाही. १९५९मध्ये ब्रिटनमधल्या प्लॅट समितीने इस्पितळातल्या मुलांना भेटण्यावरची बंधनं काढावीत अशी शिफारस केली, त्यामागे हेच निरीक्षण होतं.

शी-शूसाठी त्याला कुणी रागावू नये, हे आधी सगळ्या मावशींना सांगा. नुकतं जमलेलं कौशल्य ताणात सगळ्यात आधी निसटतं. बोलणं बंद होण्याकडे मात्र वेगळ्या नजरेने बघा. आलेली भाषा गेली, तर ताटातुटीवर सगळं ढकलून मोकळं होऊ नये. या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानही तपासून घ्या.

कोणत्या वयात मूल काय करू लागतं याचे तक्ते हाताशी ठेवा, पण त्यातले पट्टे किती रुंद असतात तेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आधाराशिवाय चालण्याचा पट्टा ८.२ ते १७.६ महिन्यांचा आहे! त्यामुळे या मुलाची तुलना आधी त्याच्या स्वतःशी करा. घरी तो काय काय बोलायचा, पाणी कसं मागायचा, झोपताना काय धरायचा, हे आजींना विचारून शब्दशः लिहून घ्या.

आणि त्या आजी. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी १९५०मध्ये आयुष्याचे आठ टप्पे मांडले. आपण ते परीक्षेसाठी एकाखाली एक पाठ करतो, पण तुमच्या या एका फाईलमध्ये बाळाचा, आईचा आणि आजीचा असे त्यातले तीन एकाच वेळी चालू आहेत. मागे वळून आयुष्याचा हिशेब मांडायच्या वयात या बाई पुन्हा लंगोट बदलायच्या तयारीत आहेत, आणि नातू तोंड फिरवतोय. त्यांना तो नकारच वाटणार. भेटीआधी पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसा, हे का होतंय ते समजावा. बाळाची नजर चुकवून निघून न जाता ‘मी जाते, पुन्हा येईन’ असं सांगून निघायला सांगा. मुलगा रडेल, रडू द्या.

आई १९ची आहे, म्हणजे स्वतःच अजून घडते आहे. तिच्यासाठी ‘बेजबाबदार’ हा शब्द फाईलमध्ये येऊ देऊ नका. तिला यायला जमत नसेल, तर तिची वापरलेली ओढणी न धुता मागवा आणि झोपताना त्याच्याजवळ ठेवा.

संस्थेत एकच गोष्ट हट्टाने मागा : त्याची अंघोळ, जेवण आणि झोपवणं शक्यतो एकाच मावशीकडे. जीव लावायला आईच हवी असं नाही. बोल्बींच्या मांडणीत सगळा भर आईवर होता; बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी १९७२मध्ये त्यात ही दुरुस्ती केली. पण माणूस ठरलेलं हवं, रोज तेच हवं.

अहवालात ‘रुळले’ हा निष्कर्ष नको, दिसलं ते तारखेसह लिहा : ‘रडणे थांबले आहे. ओळखीच्या व्यक्तीकडे धाव घेत नाही. पूर्वी येणारी वाक्ये बंद. शी-शूवरील ताबा गेला. आजीच्या भेटीनंतर अस्वस्थ. भेटी वाढवाव्यात, एकच काळजीवाहक द्यावी.’ वरिष्ठांनी हरकत घेतली, तर डॉक्टरांचा कागद सोबत जोडून पुन्हा पाठवा.