सासऱ्यांना घेऊन विजापूरला जावं का?

ताई, तुम्ही निपाणीच्या. दोन दिवस हाताशी आहेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि सासरे म्हणतायत, "त्या अफजलखानाच्या गावात बघायचंय काय? एक गोलघुमट, झालं." शाळेच्या सहली घेऊन मी बेळगावहून पंधरा-वीस वेळा तरी तिकडं गेलोय, त्यामुळं जरा लांबण लावतो.

आधी सासऱ्यांचं. ते नरसोबाच्या वाडीला जात असणारच, आपल्या भागातलं कोण जात नाही? वाडीच्या देवळाला कळस नाही. मुलीची दृष्टी परत आली म्हणून आदिलशहानं ते बांधलं, औरवाड-गौरवाड ही गावंही देवाला दिली, असं तिथले पुजारीच सांगतात. विजापुरातही आर्किल्ल्याच्या, म्हणजे आतल्या बालेकिल्ल्याच्या, खंदकाकडेला नरसोबाचं छोटं देऊळ आहे. आधी त्यांना तिथं न्या, पिंपळाखाली दहा मिनिटं टेकू द्या. मग सांगा की पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळापासून या राज्याच्या महसुलाच्या दफ्तरात मराठी चालायची, शहाजीराजे 1636 नंतर याच दरबारचे सरदार होते, आणि दुसऱ्या इब्राहिमनं स्वतः रचलेल्या 'किताब-ए-नौरस'मध्ये सरस्वती आणि गणपतीची गाणी आहेत. अफजलखान इथूनच निघाला हेही खरंच. पण दोनशे वर्षांच्या राज्यात एवढंच नाही घडलं. आमच्या बेळगावच्या किल्ल्यातली साफा मशीद बांधणारा असदखानही विजापूरचाच सरदार. म्हणजे आपण काही परमुलखात जात नाही.

आता गोलघुमट. महंमद आदिलशहाची कबर. तो 1656 मध्ये गेला. बाहेरून बघताना घुमट नुसता मोठा वाटतो, खरं सांगायचं तर जरा बोजडच. आत जाऊन मान वर केली की मात्र बोलणं थांबतं. मध्ये एक खांब नाही. चौकोनी दालनावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानी टाकून चौकोनाचा गोल केलाय आणि त्यावर बाहेरून 44 मीटर व्यासाचा घुमट बसवलाय. चौथऱ्यावर दिसतात त्या कबरी नुसत्या खुणेच्या, खऱ्या खाली तळघरात. त्यात बादशहाशेजारी रंभा नावाच्या नर्तकीचीही आहे.

वर सज्जात जायला कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून अरुंद, उंच पायऱ्यांचा चक्री जिना आहे. सासूबाईंना तो चढायला लावू नका, खाली बसूनही घुमणारा आवाज ऐकू येतो. बाकीच्यांनी मात्र सकाळी दार उघडताच जायचं. नऊनंतर सहलीची पोरं आली की नुसता कल्ला, आणि त्यातली निम्मी पोरं माझ्यासारख्या मास्तरांनीच आणलेली असतात! एका सहलीत सातवीतल्या एका कार्ट्यानं भिंतीला तोंड लावून शेजाऱ्याला हळूच सांगितलं, "टकल्याचं लक्ष नाही, चल पळू." टकल्या समोरच्या बाजूला भिंतीला कान लावून बसला होता. शब्द न् शब्द पोचला. पोराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी काही बोललो नाही, तसाच भिंतीला तोंड लावून "लक्ष आहे" एवढंच म्हणालो.

माझं ऐकाल तर अर्धा दिवस इब्राहिम रोजासाठी, म्हणजे दुसऱ्या इब्राहिमच्या कबरीसाठी, ठेवा. गोलघुमट गावाच्या पूर्वेला, हा पश्चिमेला. लोक दमून-भागून संध्याकाळी पाच मिनिटं डोकावतात आणि फोटो काढून परततात, ते चूक. इथं आकाराचा रुबाब नाही, हाताची कारागिरी आहे. खिडक्यांच्या दगडी जाळ्या जवळून बघा. ती नक्षी नाही, अक्षरं आहेत. मधला दगड कोरून काढून कुराणातली वचनं ठेवलीयत आणि त्यांच्या फटींतून उजेड आत येतो. पायऱ्या थोड्याच, त्यामुळं सासूबाईंनाही जमेल. दोन्हीकडं चपला बाहेर काढाव्या लागतात आणि फेब्रुवारी सरला की दगड भाजतो. जाड मोजे न्या.

मुलूखमैदान तोफ वाटेतच आहे. सभेत कडाडणाऱ्या वक्त्याला आपण जी उपमा देतो, ती हीच. 1549 मध्ये अहमदनगरात ओतलेली, परांड्याहून 1632 मध्ये इथं आली. वजन 55 टन. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात सापडलेला हत्ती. तो हत्ती सासऱ्यांना शोधायला लावा. इंग्रजांनी ती भंगारात काढली होती, लिलावात दीडशे रुपये बोली आली आणि नशिबानं विक्री रद्द झाली. बारा कमान ऊन उतरल्यावर बघा. दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर अर्धवटच राहिली, वर छत नाही, नुसत्या काळ्या कमानी आणि आभाळ. तो गेल्यावर चौदा वर्षांनी, 1686 मध्ये, औरंगजेबानं राज्यच घेतलं. सातकबर, म्हणजे अफजलखानाच्या बायकांच्या म्हणून सांगतात त्या कबरी, राहिली तरी चालेल, लहान पोरं सोबत असतील तर नकोच.

भाषेची काळजी करू नका. बाजारात मराठी समजणारे भेटतात, पण सुरुवात "ऊट आय्ता?"नं (जेवण झालं का?) केलीत तर समोरचा खुलतो. गावाचं नाव 2014 मध्ये आपल्या बेळगावाबरोबरच बदललंय, पाट्या 'विजयपुर' म्हणतात. फाट्यावर गोंधळू नका. जेवायला हॉटेलात शिरू नका, खानावळ गाठा: कडक ज्वारीची भाकरी, एण्णगाई (भरलं वांगं), शेंगाचटणी, वर दही. सासऱ्यांच्या दातांचं बघून मऊ भाकरी वेगळी मागा, करून देतात.

रस्ता चिकोडीवरून जमखंडीकडं धरा. आणि परतताना शेंगाचटणी अर्धा किलो जास्त आणा, शेजारी विचारणारच.