सडलेला की कुजलेला?

प्रश्न असा आलाय: बातमीत ‘कुजलेल्या अवस्थेत मृतदेह’ असं छापतात, ‘सडलेल्या’ का नाही? आणि दोन्ही शब्द अंगावर येतात, तर सरळ ‘विघटित’ का म्हणू नये?

‘सडणे’ चूक नाही. ते हिंदीतून उचललेलंही नाही; प्राकृतात ‘सडइ’ आहे, आणि नागपूरकडच्या माझ्या मित्रांच्या तोंडी आधी तेच येतं. पण माझ्या कानाला त्यात तिटकारा लागतो. सडका आंबा उकिरड्यावर जातो. कुजण्यात तेवढा राग नाही. ‘चांगलं कुजलेलं शेणखत’ ही तर तारीफ झाली! शिवाय कुजणं आतून चालतं. वासा वरून धड दिसतो आणि आतून गेलेला असतो. प्रेताचंही तसंच. पहिली दिसणारी खूण बहुधा पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, हिरवट डाग. तिथे मोठं आतडं सुरू होतं. जंतूंना बाहेरून यावं लागत नाही, ते घरचेच. म्हणून माझं मत ‘कुजलेला’.

‘विघटित’ रसायनाच्या पुस्तकात ठीक. बातमीत तो काहीच दाखवत नाही, कारण प्रेताचं काय होतं ते जागेवर ठरतं. १९व्या शतकातल्या कॅस्पर या जर्मन न्यायवैद्यकाचा ठोकताळा आहे: उघड्या हवेत एका आठवड्यात जेवढं कुजतं, तेवढं कुजायला पाण्यात दोन आठवडे लागतात आणि पुरलेल्याला आठ. पाण्यातलं प्रेत आतल्या वायूने वर येतं, त्याला आपण ‘फुगलेलं’ म्हणतो. ओल असेल आणि हवा नसेल, तर चरबीचं पांढरट मेण होतं. (‘ममी’चं मूळही मेणातच: फारसी ‘मूम’ म्हणजे मेण, त्यावरून ‘मूमिया’ म्हणजे डांबर. लेप लावलेले काळे देह पाहून लोकांना ते डांबरच वाटलं.)

इजिप्तच्या वाळूत मात्र लेपाचीही गरज पडली नाही. ब्रिटिश म्युझियममधला गेबेलाइनचा माणूस इ.स.पू. ३४००च्या आसपासचा. उथळ खड्ड्यात, गरम कोरड्या वाळूत पुरलेला. जंतूंना पाणीच मिळालं नाही. तो वाळला. मिरची वाळते, तोच शब्द.

आणि डेन्मार्कमधला टोलुंडचा माणूस, १९५०मध्ये दलदलीत पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जळणाचा थर) खणताना सापडलेला, सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा. गळ्यात चामड्याचा फास, डोक्यावर टोपी, हनुवटीवर वाढलेली खुंटं. चेहरा इतका ताजा की नुकताच खून झालाय असं वाटून पोलिसांना बोलावलं. तिथलं पाणी थंड आणि आम्ल, हवा नाही, त्यात शेवाळातून उतरणारी द्रव्यं. कातडी काळी आणि टिकाऊ झाली. याला कुजलेला म्हणता येत नाही, वाळलेलाही नाही. चांभाराचा शब्द घ्यावा लागतो: तो कमावला गेला.