वाचकांचे प्रश्न: बर्फ वितळायच्या दिवसांतला ट्रेक

प्रश्न: आम्ही चौघं मित्र वसंतात डोंगरात जायचं म्हणतोय, वरचा बर्फ वितळायला लागतो ना तेव्हा. ऊन छान असतं, गर्दी नसते. पण जो तो सांगतो पहाटे अंधारातच निघा. नीट झोप काढून नऊला निघालं तर काय बिघडतं? वाटेत एक ओढा आहे पण मॅपवर तरी अगदी बारीक दिसतो.

उत्तर: बिघडतं ते नऊला नाही, दुपारी बिघडतं. रात्री आभाळ मोकळं असलं की बर्फातली ऊब वर निघून जाते, वरचा थर गोठून टणक होतो आणि सकाळी त्यावरून आरामात चालता येतं. ऊन चढलं की तोच थर भुसभुशीत, मग पाय टाकला की मांडीपर्यंत आत, तो उपसून काढा, पुढचा टाका, तोही आत, असं करत करत सकाळचं तासाभराचं अंतर दुपारी संपता संपत नाही. मोठ्या खडकांच्या कडेने तर जाऊच नका, खडक उन्हाने तापतो आणि त्याच्याभोवतीचा बर्फ खालून पोकळ होतो, वरून काही कळत नाही आणि पाय मुरगळतो.

आणि रात्रभर ढग असले तर बर्फ नीट गोठतच नाही, तेव्हा पहाटे उठूनही उपयोग नाही (हे बरेच जण विसरतात). निघताना टाच मारून बघा. नुसता ठसा उमटला तर चला, घोटा आत गेला तर त्या दिवशी तीव्र उताराच्या वाटेला जाऊ नका. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हिमस्खलनाचा धोका सगळ्यात जास्त, आणि वरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळत यायला लागले की समजा बर्फ सुटायला लागलाय, फोटोबिटो राहू दे, तिथून निघा. बुटांना स्पाइक्स लावले म्हणजे झालं असं वाटतं लोकांना, पण मऊ बर्फात त्यांची पकड बसत नाही.

आता ओढा. मॅपवरची रेघ पाणी किती ते सांगत नाही. दिवसभर वितळलेलं पाणी खाली यायला वेळ लागतो, त्यामुळे ओढा दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत फुगतो आणि पहाटे सगळ्यात कमी असतो, म्हणजे जाताना घोट्याएवढं पाणी येताना गुडघ्याच्या वर असू शकतं आणि वेगाचं पाणी गुडघ्यापर्यंत असलं तरी माणूस पाडतं. पाण्याखालून दगड घरंगळल्याचा आवाज येत असेल तर उतरूच नका, अलीकडेच तंबू टाका आणि पहाटे पार करा. एक दिवस जाईल, जाऊ दे. उतरायचंच तर सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवा, पडलात तर सॅक टाकता आली पाहिजे. ओढ्यावर बर्फाचा पूल दिसतोय म्हणून दुपारी त्यावरून जायचा मोह नको, खालून पाणी तो खात असतं.

प्रश्न: वाटेवर नुसता चिखल असतो, बाजूच्या गवतावरून चाललं तर चालेल ना?

उत्तर: नको. बर्फाखालून नुकतीच मोकळी झालेली जमीन पाणी पिऊन मऊ झालेली असते, चार जण कडेने गेले की गवत मुळासकट उखडतं आणि वाट दरवर्षी रुंद होत जाते. गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं कापडी आवरण) बांधा आणि सरळ चिखलातून चाला, बूट धुता येतात.

प्रश्न: ढगाळ असेल तरी गॉगल लागतो का?

उत्तर: लागतो. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, जुना मळका त्याहून कमी, पण ढगांतूनही किरण येतातच. त्रास लगेच होत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, तोवर उशीर झालेला असतो. कडेनेही उजेड आत येणार नाही असा घ्या आणि ग्रुपमध्ये एक जास्तीचा ठेवा, कोणाचा तरी मोडतोच.