क्ले शूटिंग शिकायला बायकांच्या गटाचा खरंच उपयोग होतो का?

ताई, तुम्ही विचारलंय की चाळिशीत, नाशिकला राहून क्ले शूटिंग, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या बंदुकीने टिपण्याचा खेळ, सुरू करावा का, आणि फक्त बायकांच्या गटात शिकल्याने भीती जाते का. करा, नक्की करा. मी अशाच गटात शिकले आणि आता नव्याने येणाऱ्या जणींसोबत रेंजवर उभी राहते.

गटात लाज न बाळगता विचारता येतं, ही मोठी गोष्ट. बारा बोअरच्या बंदुकीचा दस्ता, म्हणजे तिचा मागचा भाग, खांद्याच्या खळग्यात बसतो आणि नेमकी तिथेच ब्राची पट्टी येते. तिचं बक्कल दस्त्याखाली आलं की प्रत्येक बार काढताना कातडीत रुततं. पुरुष प्रशिक्षकाला हे कोण सांगणार? मग दुखू नये म्हणून नवखी दस्ता किंचित लांब धरते, त्या फटीमुळे धक्का आणखी जोरात बसतो, आणि 'हे आपल्याला झेपणारं नाही' म्हणत ती घरी जाते. आमच्यात पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारतं, "बक्कल मागे सरकवलंस का गं?"

दस्त्याच्या लांबीचंही तसंच. बंदुका बहुधा पुरुषांच्या मापाच्या, वजन साडेतीन किलोच्या आसपास, त्यामुळे नवखी मागे रेलते. आखूड दस्त्याची बंदूक मागून घ्या आणि भार पुढच्या पायावर ठेवा. डोळाही तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबावर अंगठा धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला अंगठा खांबावरच दिसतो, तो तुमचा प्रबळ डोळा. उजव्या हाताने काम करणाऱ्या कित्येकींचा तो डावा निघतो. हे आधी कळलं नाही तर तबकड्या सुटत राहतात आणि बाई स्वतःलाच दोष देते.

हा पुरुषांचा खेळ आहे असं कोणी म्हणालं तर १९९२ चं बार्सिलोना ऑलिंपिक सांगा. चीनच्या झांग शानने पुरुषांसोबत खेळून स्कीट या क्ले शूटिंगच्या प्रकाराचं सुवर्ण जिंकलं. बायकांचं वेगळं स्कीट आणि ट्रॅप (हाही क्लेचाच प्रकार) ऑलिंपिकमध्ये आलं ते २००० साली. आपल्याकडे श्रेयसी सिंगने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत डबल ट्रॅपचं सुवर्ण मिळवलं.

नाशिकमध्ये शूटिंग म्हणजे मुख्यतः दहा मीटरची एअर रायफल. क्लेचे छर्रे दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतात, त्यामुळे त्याला मोकळं रान लागतं आणि आम्ही गाडी करून बाहेरगावी जातो. पण मनाची तयारी इथेच होते. खेळाडूंच्या मनाची तयारी करून घेणारे दिवंगत क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम सर नाशिकचेच, त्यामुळे एकाग्रतेचा विषय इथल्या नेमबाजांच्या बोलण्यात सतत असतो. गच्चीवर उभं राहून उडत्या पारव्यांमागे दोन्ही डोळे उघडे ठेवून बोट फिरवत राहा. बोट मध्येच थांबू द्यायचं नाही. रेंजवर बंदूक थांबली की ११० मिलिमीटरची तबकडी हातची गेलीच.

स्वतःच्या बंदुकीच्या परवान्याची घाई नको, क्लबच्या बंदुकीवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिका. समोर सरळ दूर जाणाऱ्या तबकडीपासून सुरुवात करा. पहिल्या दिवशी पंचवीस तबकड्यांची फेरी पुरी करायचा हट्ट नको, दहा-बारा बार पुष्कळ झाले.